हिरवी स्लाइड

दादा,

तू झोपलायस म्हणून लिहून ठेवतेय, नाहीतर उठवून सुनावलं असतं. काल जेवण झाल्यावर टीव्हीला लॅपटॉप जोडून तू आई-बाबांना माझ्या करिअरवर चक्क प्रेझेंटेशन दिलंस. अरे, मी तुझी बहीण आहे, क्लायंट नाही! कन्सल्टिंग की इन्व्हेस्टमेंट बँकिंग, याचे रंगीत तक्ते काढलेस आणि शेवटी माझ्या वतीने कन्सल्टिंग निवडूनही टाकलंस. मला काय हवंय, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही?

आणि ती हिरवी स्लाइड, 'कन्सल्टिंगमध्ये घरच्यांना वेळ देता येतो'! ती दाखवता दाखवताच तुझ्याच कन्सल्टिंग कंपनीतल्या साहेबांचा फोन आला आणि तू गॅलरीत गेलास तो गेलासच. बाबा बिचारे रिमोट धरून बसून राहिले.

मी इन्व्हेस्टमेंट बँकेतल्या नोकरीच्या करारावर सही करायला चाललेय. तिथे मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी निदान तोंडावर सांगितलं की घर विसरावं लागेल. तू मात्र दर शुक्रवारी 'आज येतोच' म्हणून आईला आशेला लावतोस.

चहा केलास तर गॅस बंद कर. आणि आज तरी आईला उठवून, सांगून जा. तू गेलास हे तिला दर वेळी रिकामी खोली बघून कळतं.

छोटी