शहाबादीवरचं ताट

अव्वा, तुझ्या या लेकीची नात आता हाक मारली की वळून बघती. दोन्ही कानांना चिमुकली यंत्रं हायत, त्यातलं एक काढून रोज तोंडात घालती, मग सून ओरडती आणि मी हसते. तू चौथीपर्यंतच शिकवलंस, अक्षर वाकडंतिकडं हाय, पण हे तुला दुसरं कोण सांगणार?

बाळंतपण सोलापुरातच झालं. तिसऱ्या दिवशी पोर झोपलेली असताना नर्सबाईनं तिच्या कानात बारीक रबरी बोंडूक घातलं, यंत्रात बघितलं आणि म्हणाली, "पास न्हाय झाली. पुन्हा आणा." मला लई राग आला. एवढ्याशा पोरीची कसली परीक्षा? घरी आल्यावर मी तुझंच केलं. दुपट्यावर पोरीला खाली शहाबादी फरशीवर ठेवलं, मागं बसले आणि पितळी ताट फरशीवर दणकन आपटलं. पोर दचकली. म्हटलं, "बघ, ऐकतीय की. कशाला हेलपाटा?" सून पोरीला खांद्यावर घेऊन उभी राहिली, मला म्हणाली, "आत्या, आता वाजवा. फरशीला लावू नका, हातात धरून वाजवा." मी पळीनं वाजवलं. शेजारीण दारात आली, काय झालं म्हणून. पोर झोपलेलीच.

ताट माझ्या हातात तसंच, आणि मला आपलं वळसंगचं घर दिसतंय. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या मागं बसून ताट आपटतीयस, ती दचकून रडतीय, आणि तू आजीला सांगतीयस, "ऐकू येतंय हिला. नुसती हट्टी हाय." ती फरशीच्या हादऱ्यानं दचकायची, अव्वा. आठ वर्षं हट्टी म्हणून मार खाल्ला तिनं. शेवटी ज्या तापात ती गेली, त्यात पोट दुखतंय की डोकं, एवढं सांगायलाही तिच्याकडं शब्द नव्हता. तुला दोष देत न्हाय. तुला ताटाशिवाय दुसरं कोण सांगणार होतं?

मोठ्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आणलंत ते बरं झालं. सुनेनं ताटाचं नाव काढलं न्हाय. आता पोरीसमोर बसून रोज भरपूर बोलायचं, असं तिथल्या बाईंनी सांगितलंय. ते काम माझ्याकडं हाय. लेक म्हणतो, बरोबर माणसाला दिलं. मी बोलते, ती माझ्या तोंडाकडं बघत "बाबाबा" करती, आणि मला मधेच धाकटीचं तोंड आठवतं. मग मी शेंगा सोलायचं निमित्त काढून उठते.

तू तर कधीच गेलीस, म्हणून हे पत्र पोरीच्या यंत्राच्या सेलच्या डब्याखाली ठेवते, तितं माझ्याशिवाय कोण हात लावत न्हाय. एक राहिलं. मला ठाऊक होतं, अव्वा. धाकटीच्या मागं गुपचूप उभं राहून मी तिला हाका मारायची, लई वेळा. ती कधी वळली न्हाय. तुला सांगितलं न्हाय, कारण तुझा हात तिच्यावर चालायचा तोवर मी सुटायची.