निळी वर, पांढरी पुढे

ती. मित्सुताईस,

धाकटा तोकुजी जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार करतो. (खरंच टेकवलं. खोलीत चटई आहे, म्हणून लागलं नाही.) तोक्योत थंडी पडायला लागली. तुझे गुडघे कसे आहेत? वाळत घातलेल्या माकुळांवर घारी फार येतात का? दाजींचं डायलिसिस वेळेवर होतंय ना? त्यासाठी दर खेपेला बोटीने पलीकडे जावं लागतं, आणि बोटीची चौकशी मी कुठल्या तोंडाने करतोय, असं तुझ्या मनात आलं असेल. माझ्याही आलं.

तू टीव्हीवर पाहिलंच आहेस. पण जे घडलं ते दिसलं त्याहून लाजिरवाणं आहे. फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

अपक्ष खासदाराचं संसदेत काय चालतं, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. काही चालत नाही. पक्षवाल्यांची भाषणं संपून वार्ताहर जेवायला उठले, की मला बोलायला मिळतं. आपल्या मिनोशिमा बेटाच्या बोटीविषयी मी इतकं बोललोय की लघुलेखक मला पाहून पेन्सिल खाली ठेवतात. (त्यांना पाठ आहे.) मग सरकारने बेटांच्या बोटींचं अनुदान बंद करायचं विधेयक आणलं, आणि आमच्या कनिष्ठ सभागृहात दोन्ही बाजू अशा बरोबरीत अडकल्या की सगळं माझ्या एका मतावर आलं. ताई, तिथे मी बिघडलो. ज्यांना माझं आडनाव ठाऊक नव्हतं ते "सेन्सेई, सेन्सेई" करत, म्हणजे थेट गुरुजी म्हणत, दारात उभे. दुपारी एका बाजूने भाजलेली ईल मासळी खाऊ घातली, संध्याकाळी दुसरीने. मी दोन्हीकडे जेवलो. मत विरोधातच द्यायचं, यात तसूभर बदल नव्हता, पण कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर ईल थांबली असती.

मतदानाला आपल्या नावाची लाकडी पाटी घेऊन व्यासपीठावर चढायचं असतं. बाजूने असलात तर पांढरी, विरोधात असलात तर निळी, आणि ती तिथल्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यायची. बालवाडीतलं पोर चुकणार नाही. मला मात्र शेवटपर्यंत उत्सुकता ताणायची होती, म्हणून दोन्ही पाट्या घेऊन चढलो. वर जाऊन कॅमेऱ्यांकडे वळलो आणि निळी डोक्यावर उंच धरली. धक्क्यावर माझ्यासाठी तू वाऱ्यात वाकून वाकून मतं मागितली होतीस, तर तुला नीट दिसावी म्हणून जरा जास्तच वेळ धरली. कर्मचाऱ्यापुढे माझा दुसरा हात आला होता. त्या बिचाऱ्याने त्यातली पाटी घेतली. ती पांढरी. मी वाकून त्याचे आभारही मानले, आणि उरलेली न बघता खिशात टाकली.

एका मताने विधेयक मंजूर झालं. कोणी दगा दिला म्हणून मी डोळे वटारून सगळीकडे बघत होतो. शेजारचे खासदार हळूच म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला! दाखवलीत एक, दिलीत दुसरी!" तेव्हा मी खिशात हात घातला.

बाहेर माइक घेऊन गर्दी. "चुकलं" एवढाच शब्द बोलायचा होता, तो सोडून भलतंच बोललो. मी म्हणालो, "पुष्कळ विचार करून हा कटू निर्णय घेतला." ताई, चूक हाताने केली, पण हे तोंडाने केलं. लाज वाटते ती याची.

मच्छीमार संस्थेच्या मोरिवाकी आजोबांना फोन करून खरं सांगितलं. ते भडकले. "अरे गाढवा, पैसे खाल्ले म्हण! चार शिव्या देऊन लोक विसरतील. हे सांगितलंस तर आम्ही कोणाला निवडून दिलं, याचाच विचार करत बसतील!" तरी काल पत्रकारांना बोलावून सगळं सांगितलं, खिशातली निळी पाटी दाखवली. एकानेही विश्वास ठेवला नाही. एवढा मूर्ख कोणी नसतो, म्हणाले. आज छापून आलंय की मी पोचलेला नट आहे.

राजीनामा लिहून ठेवलाय. पण त्याने मत परत मिळत नाही.

तोंड लपवून बसलेला,
तोकुजी

ता. क. विधेयक अजून वरिष्ठ सभागृहात जायचंय. तिथेही एका मतावर अडकलंय, आणि ते मत अपक्ष सेत्सुको तानिगुचींचं आहे. हो, तीच सेत्सुको. दाजींना तुझ्याआधी जिचं स्थळ सांगून आलं होतं, आणि लग्नापासून तू जिचं नाव घरात घेऊ देत नाहीस. (तिथे बटन दाबतात, पाट्या नसतात.) मी गेलो होतो. म्हणाली, "तुझ्या शब्दाला काय किंमत? मित्सुएला पाठव. तिने समोर बसून मागावं." ताई येईल, असं मी तुला न विचारता सांगून टाकलंय. शनिवारचं तिकीट सोबत आहे.

ता. क. दुसरा. निघताना तिने विचारलं, "तो कसा आहे?" मी म्हटलं, "बोट आहे तोवर बरा आहे." ती चहा ओतायला पाठमोरी झाली, ती बराच वेळ वळलीच नाही. ताई, ये. दाजींनाही आण.