मामांच्या दाराची किल्ली

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवली का? (मानवली असणारच. मामी वाळूत बसून हसताहेत, ते फोटो सगळ्या ओळखीपाळखीच्यांनी पाहिलेत.) इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण हे पत्र मी तुमच्याच बाहेरच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून, फोनवर टाइप करतोय. तुमचा फोन लागत नाही. रेंज आली की आधी हे वाचा.

त्याचं असं झालं. निघताना तुम्ही माझ्याकडून जादा किल्ली करून घेतलीत आणि अडीअडचणीला माझ्याकडेच ठेवलीत. ती इतकी देखणी उतरली की मला राहवलं नाही. माझ्या किल्ल्यांच्या दुकानाच्या ऑनलाइन पानावर तिचा फोटो टाकला, ‘मामांच्या घरची किल्ली, भाच्याच्या हातची!’ लोकांनी वाहवा केली, मी हवेत. दुपारी उस्तादांचा फोन (मला कानस धरायला शिकवली ते). म्हणाले, “अरे शहाण्या, दात दिसले म्हणजे किल्ली दिलीच की! मी फोटो बघून कापलीसुद्धा.” पायाखालची जमीन सरकली. गिऱ्हाइकाची किल्ली मी बायकोलाही दाखवत नाही, आणि सख्ख्या मामांची चारचौघांत मांडली! फोटो काढून टाकला, दुकान बंद केलं आणि इथे येऊन बसलो. जिन्यात पाऊल वाजलं की दाराला कान लावतो. मघाशी वीजमीटर बघायला आलेल्याची मी अशी उलटतपासणी घेतली, की बिचारा मीटर न बघताच गेला. कुलूप बदलायचं तर दार कोरावं लागेल, आणि मालकाच्या होकाराशिवाय दाराला हत्यार लावायचं नाही, ही आमच्या धंद्यातली शपथ. (दार मामींच्या पसंतीचं, हेही आहेच.) या घरात मी लहानाचा मोठा झालो, मामा. इथली एक वाटी जरी गेली तरी तोंड कुठे दाखवू?

तुमचा (अजून तरी) लाडका भाचा

ता. क. होकार तेवढा कळवा. आणि रागावू नका, पण किल्लीचा तोच फोटो तुम्ही कौतुकाने तुमच्याही पानावर टाकलाय, खाली ‘आम्ही रविवारपर्यंत समुद्रावर’ असं लिहून. तेवढा काढाल का?

ता. क. २. आत्ता कुलपात किल्ली फिरली. अगदी अलगद. (कबूल करतो, क्षणभर ऊर भरून आला.) मग हातोडी उचलली. खुर्ची सरकली आणि आत आले उस्ताद! आपली किल्ली लागते का, ते बघायला. मी हुश्श करून हसलो, ते हसले नाहीत. म्हणाले, “जिन्यात एक जण उभा होता, मला दार उघडताना बघून खाली उतरला. त्याच्याही हातात नवीकोरी किल्ली होती.” मामा, होकाराची वाट बघत नाही. दार कोरायला घेतलंय.