मजकुराला दिलेला अंगठा

बाबा, नेरच्या तहसीलसमोर तुम्ही टेबल टाकून लोकांचे दस्त लिहायचे, तिथून चार दुकानं पुढं आता माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एक विधवा बाई आली. दिरानं मोबाइलवर पाठवलेला सातबारा तिला छापून हवा होता. त्यावरून शेताचा सौदा होणार होता. मी उताऱ्यावरची डिजिटल सही तपासली, तर पडद्यावर आलं की सहीनंतर मजकूर बदलला आहे. सरकारी साइटवरून मूळ उतारा काढला. तिच्या हिश्शाचे एक्याऐंशी आर दिराच्या फाइलीत एकतीस झाले होते.

तिनं दोन्ही उताऱ्यांवरचे आकडे बोट ठेवून ताडून पाहिले. मग म्हणाली, "एकच आकडा त बदलला, बाई. मशीनले कसं कयलं?" मी तिला सांगितलं की सहीच्या वेळी कॉम्प्युटर सगळा मजकूर दळून ठरावीक लांबीची अक्षरं-आकड्यांची एक ओळ काढतो. पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही, तसा त्या ओळीवरून मजकूर परत मिळत नाही. पण एक आकडा बदलला की अख्खी ओळच वेगळी येते. तलाठी साहेबांची सही त्या ओळीवर होते, फक्त त्यांच्याजवळच्या गुप्त किल्लीनं. तिची जोडकिल्ली सगळ्यांना खुली असते. त्या खुल्या किल्लीनं तपासलं, तर या फाइलीची ओळ सहीतल्या ओळीशी जुळली नाही.

हे बोलताना मी वीस वर्षांची होऊन तुमच्या शेजारी बसले आहे. एक म्हातारी संमतीपत्रावर अंगठा देऊन गावी गेली आहे, आणि मागाहून मी त्यात तिच्या गावाच्या नावाचा चुकलेला काना दुरुस्त करते. तुम्ही तो कागद फाडता. एका कान्यानं काय होतं, असं मी विचारते. "तिनं अंगठा कागदाले नाही, मजकुराले देल्ला," तुम्ही म्हणता. "एक अक्षर बदललं का तो तिचा राह्यत नाही." मग नवा कागद लिहून, भर उन्हात एसटीनं तिच्या गावी जाऊन, तो तिला वाचून दाखवून तुम्ही पुन्हा अंगठा घेतलात. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज जे काही नीट करते, ते त्या दिवसामुळं.

दोन्ही उतारे घेऊन ती तहसीलात गेली. सौदा थांबला. काल ती मला तुरीच्या शेंगा देऊन गेली आणि माझे आभार मानत राहिली.

तुम्ही नसताना हे पत्र कुठं टाकणार? पण तिच्याजवळ जे कबूल करता आलं नाही, ते तुम्हाला सांगते. पडद्यावरचा तो इशारा पाहून मला आधी मशीनच बिघडल्यासारखी वाटली होती. दुकान बंद करायची घाई होती. "मशीन बिघडलेली दिसते, तसाच छापून देऊ का?" असं मी तिला विचारलं होतं. नको, पुन्हा पाहा, असं तीच म्हणाली.