कान की भुवई

दि. ६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतोस आणि मेसेजवर नुसते जोडलेले हात पाठवतोस, म्हणून पत्र. कुणी पेशंट तोंड उघडून पडला असेल तर आधी त्याला घरी पाठव, मग वाच.

माझ्या डाव्या कानातली शिट्टी म्हणजे मळ नव्हे. कवटीच्या तळाशी, ऐकायच्या नसेवर गाठ आहे, मोठ्या गोटीएवढी. साधी आहे, कॅन्सरची नाही. पण मेंदूला ढकलतेय, त्यामुळे काढावी लागणार.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. खुर्ची ओढून माझ्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, ऐकायची नस आणि चेहऱ्याची नस शेजारी राहतात आणि गाठ दोघींच्या गळ्यात पडलीय. कवटीच्या मागून गेलं तर कान थोडाफार वाचायची आशा. कानातूनच गेलं तर तो कान कायमचा बंद, पण चेहऱ्याची नस लवकर दिसते आणि जपता येते. तिला चिकटलेला गाठीचा पापुद्रा तसाच ठेवायचा आणि दरवर्षी तपासत राहायचं. मग विचारलं, तुम्ही दिवसभर करता काय?

मी सांगितलं, कर्णबधिर मुलांना शिकवते. ओठ वाचायला आणि खुणांनी बोलायला. भुवई वर गेली की प्रश्न, दोन्ही आवळल्या की दम. शाळेत माझ्या नावाची खूणच मुळी बोटाने भुवई वर ढकलायची, अशी आहे. त्या हसल्या, म्हणाल्या, विचार करून सांगा.

माझं ठरल्यात जमा आहे. कान गेला तर गेला.

लोभ आहेच, आवाज तेवढा कमी असावा.
तुझी ठमी


दि. ११ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारणार होतो, पण इथे तोच तर प्रश्न आहे.

दोन कान मिळालेत म्हणून एक उधळायचा नसतो. आणि पापुद्रा ठेवायचा म्हणजे काय? जन्मभर मी दात काढतोय. मूळ राहिलं की दुखणं परत दारात उभं. काढायचं तर मुळासकट.

मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. डॉक्टरने डॉक्टरशी बोलावं तसा बोललो. मागूनच जा, कान वाचवा, गाठ पूर्ण काढा, आमच्या घरचं ठरलंय, असं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, पेशंट आपण आहात का? मी म्हटलं, भाऊ आहे. तर म्हणाल्या, मग ताईंना घेऊन या, त्यांच्यासमोर बोलू. पोरीला बोलायची रीत नाही.

मोठा भाऊ सांगतोय, ऐक. आशीर्वाद सोबत धाडतोय, अक्कल तुझी तू मागवून घे.
तुझा दादा


दि. १७ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

म्हणे आमच्या घरचं ठरलंय. घर कुणाचं आणि डोकं कुणाचं! तुझा धंदाच असा की समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायचं तू एकट्याने. त्याने कण्हून 'आँ' केलं तरी तुला होकार वाटतो.

आता थट्टा पुरे. मला भीती वाटते रे. सकाळी दात घासताना मी तोंडाचा डावा कोपरा बोटाने खाली ओढून बघते. ऐकू आलं नाही म्हणून जगणं अडत नाही, हे माझी पोरं रोज दाखवतात. मधल्या सुट्टीतली त्यांची भांडणं बघितलीस तर कानवाले लाजतील. पण माझे ओठच वाकडे झाले तर ते वाचणार काय? मग मी वर्गात उभी राहून काय करू, फळा पुसू?

पापुद्रा पुन्हा वाढू शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. वाढला तर किरणांचा उपाय आहे. तेवढी जोखीम माझी.

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात. ये, पण सल्ले घरी ठेवून ये.
तुझी ठमी


दि. २९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रागावलो होतो, म्हणून उत्तराला उशीर.

काल एक निवृत्त पोस्टमन आले. समोरचा दात नाही, मुलाने नवा बसवायला पाठवलेलं. साचा हातात घेतला आणि तुझं पत्र आठवलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं, तुम्हाला स्वतःला हवाय का? म्हणाले, नकोय. त्या फटीतून शिट्टी वाजते आणि कुत्रं त्याच शिट्टीला येतं. दात बसवला तर कुत्रं ओळख द्यायचं नाही. मी साचा परत ठेवला.

मला अजून पटलेलं नाही. पण डोकं तुझं आहे, हे मान्य. डॉक्टरीणबाईंना तसं कळव, आणि मी एरवी बरा माणूस आहे हेही कळव. येतोय.
तुझा दादा


दि. २३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू परत गेलास आणि घर शांत झालं. निम्मं तर कायमचंच.

काल शाळेत गेले. तोंडाचा डावा कोपरा अजून जरा आळशी आहे, पण भुवई कामावर रुजू झाली. माझी नक्कल करणारी एक आगाऊ पोरगी आहे, ती मागून आली आणि डाव्या कानाशी डबा आपटून गेली. मी ढिम्म. तिने सगळ्या वर्गाला खूण केली की बाई अर्ध्या आपल्यात आल्या. पोरं बाकांवर चढून नाचली. मी भुवया आवळल्या, तेव्हा कुठे बसली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता एक राहिलंय. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी तू माझ्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ बोलत होतास. ऐकू येणार नाही अशी बाजू बघून बसलास, हे मला कळलं. पण दादा, मी ओठ वाचायला शिकवते, आणि तुझा मास्क गळ्यात लटकत होता. तू म्हणत होतास, आई गेल्यापासून तुझं ऐकून घेणारं माणूस एकच उरलंय. त्याचाच कान जाणार, म्हणून तू भांडलास.

हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारायला मी उजवी भुवई उचलली, तेव्हा तेवढीच हलत होती. तर तू नर्सला हाक मारलीस की पेशंटला फिट येतेय.

उजवा कान शाबूत आहे, तो तुझाच. डावीकडे बसायचं असेल तरी बस. फक्त मास्क काढून बस.

लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही. तो मी वाचलाय.
तुझी ठमी