मिटल्या डोळ्यांच्या बाहुल्या

मी, नलिनी रविंद्र पराते, वय चौसष्ट, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण भानावर राहून स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरात दुसरे कोणी नाहीच, दबाव आणणार कोण?

१. राहते घर व बँकेतील ठेवी मुलगा दुर्गेश याला. तो पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. घर विकावे. माझ्या आठवणीसाठी कुलूप लावून ठेवू नये.

२. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने बक्षीस दिलेली शिवणाची पेटी नात प्रणाली हिला. त्यातल्याच सुईने मी बाहुलीचा पहिला फ्रॉक शिवला. यजमान म्हणाले, "असे शंभर शिवशील?" हिंगणा रोडची बाहुल्यांची शेड त्यातून उभी राहिली.

३. दीर मारोतराव यांच्या दुकानातला माझा हिस्सा त्यांनाच सोडते. त्यांनी निम्म्या भावाच्या चिनी बाहुल्या आणून आमच्याच गिऱ्हाइकांना विकल्या आणि शेड बंद पडली. हिस्सा सोडला, राग सोडलेला नाही.

४. शेड व यंत्रे. खेळण्यांवरचे आयात शुल्क आधी साठ, मग सत्तर टक्के झाले, तेव्हा मी कुलूप काढले. दिल्लीची ऑर्डर आली. यंत्रे तेल घातल्यावर चालली. मिटणारे डोळे मात्र चीनहूनच यायचे, तेही त्याच शुल्काने महागले. तेवढे सोसले असते. पण शिवणाऱ्या जुन्या बाया मिळेनात. त्यांतली सर्वांत सुरेख हाताची कौसल्या आता धंतोलीच्या एका दवाखान्यात आया आहे. तिला आणायला गेले.

"काहून आल्या बाई इतक्या उन्हात?"

"शेड उघडली गं. चल परत."

"टॅक्स सरकारनं लावला. उद्या काढला त मले कोण ठेवीन? इथं लोकाईचं बीमार पडणं काही बंद होऊन नाही राहिलं."

ऑर्डर परत गेली. शुल्क वाढवल्याने कारखाने परत येतात का, असे दुर्गेश विचारतो. माझा दारापर्यंत आला होता.

ती शेड यंत्रांसह मी कौसल्येला देते. मालकिणीला कोणी कामावरून काढत नाही. वकील म्हणाले, ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर मिळायचे राहून जाते. फोनवर तिला हे सांगितले, तर म्हणाली, "मंग मीच येतो सही कराले." ती गंमत समजून साक्षीदाराची दुसरी जागा समोरच्या शोभाताईंसाठी ठेवली आहे. कौसल्येने सही केलीच, तर शेड दुर्गेशने विकावी.

५. बिनडोळ्यांच्या बाहुल्या माझ्या पलंगाशेजारी खोक्यात आहेत. संध्याकाळी मी एकेकीला दोऱ्याने मिटलेल्या पापण्या शिवते. उरतील त्या फेकू नयेत.

ठिकाण : नागपूर
दिनांक : १६ मार्च २०२५
सही : नलिनी र. पराते

साक्षीदार :
१. इंदुताई हेडाऊ, शेजारीण
२. कौसल्या बळीराम निनावे, आया

ता. क. कौसल्या ड्युटीवरून थेट आली. सही केली, चहा घेतला. जाताना खोक्यातल्या बाहुल्या पिशवीत भरू लागली. "पापण्या मी शिवतो," म्हणाली, "तुमचा टाका आता वाकडा येते."