गायरानातली पाच कणसं

११ फेब्रुवारी १९९२, मंगळवार. परभणी

कृषी प्रदर्शनाचा पहिला दिवस. मी पत्र्याच्या हॉलात, पिकांच्या नोंदणीला. बाहेर आकाशपाळणा उभा होतोय, मौत का कुआँच्या फळ्या ठोकताहेत. डोकं उठलं.

दुपारी चारठाण्याकडच्या एका वाडीतल्या बौद्धवस्तीची गयाबाई आली. एकटीच, नवरा ऊसतोडीला. ओल्या फडक्यात ज्वारीची पाच ताटं, मुळासकट. कणसं अशी, की आमच्या सरकारी फार्मानं मान खाली घालावी. मुळांना मात्र मुरूम. गट नंबर विचारला तर म्हणाली, गायरान. म्हणजे सातबारा नाही, म्हणजे नियमानं नोंद नाही. म्हटलं, एखाद्या शेतवाल्याच्या नावानं लावू.

"दुसऱ्याच्या नावानं लावायचं असतं तर यष्टीत उभ्यानं आले नसते, सायब. मला कागद पायजे."

दगड वेचून पाच वर्षं पेरतेय. गायरान नावावर करायला पिकाचा जुना पुरावा मागतात, आणि तलाठी पिकाची नोंद घेत नाही. रजिस्टरात लिहून टाकलं : जमीन – गायरान. नियम गेला खड्ड्यात.

१२, बुध.

चांगलं अक्षर असणं हा रोगच. टेबलावरच्या कार्डावर फक्त नाव-गाव लिहायचं असतं. मी ठळक लिहिलं, 'गायरानातली मुरमाड जमीन, बिनपाण्याची'. लोक थांबून वाचतात. परीक्षकांनी पहिला नंबर दिला. मी हरभऱ्याच्या झाडावर.

बायको आली होती, सुमन. पाळण्यात दोनदा बसली. मी खालूनच हात हलवला, मला चक्कर येते.

१४, शुक्र.

गयाबाईच्या वाडीचे सोसायटी चेअरमन आले. नातवंडांना पाळणा दाखवायला आले होते, भेळेचा पुडा हातात. कार्ड दोनदा वाचलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"गायरान ढोरांचं असतंय, सायब. तुमी कागदावर जवारी कशाला उगवायलाव? इद्यापीठाच्या नामांतरावरून दिवस कसे हायेत, तुमाला ठावं हाय."

मी विचारतो म्हणालो. मोठ्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बक्षीस द्या, जमिनीचं काही लिहू नका, कार्ड काढा. काढलं. खिशात ठेवलं. घाबरलो, दुसरं काय.

१५, शनि.

शहरात नामांतराचा मोर्चा. गेटवर पोलीस, मैदान ओस, पाळणा बंद. गयाबाईच्या ताटांपुढे कोरी जागा. तिकडे बघवेना.

१६, रवि.

बक्षीस समारंभ. तिचं नाव दोनदा पुकारलं. आली नाही. चेअरमन पहिल्या रांगेत होते, टाळ्या वाजवत. बक्षीस काय, एक फवारणी पंप. टेबलाखाली ठेवलाय.

१७, सोम.

आली. शनिवारी भरदुपारी, ती दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेली असताना, गावची सगळी ढोरं तिच्या पिकात घातली. संध्याकाळपर्यंत काही उरलं नाही. पंचनामा करा म्हणून गेली तर तलाठी म्हणतो, इथं पीक नव्हतंच. ती रडली नाही. टेबलावरच्या ताटांना हात लावून उभी राहिली.

"आता येवढीच उरलीत, सायब. पीक व्हतं म्हणायला ही पाच, आन् तुमचा कागद."

मी तिला सांगितलं. ते कार्ड नियमाबाहेर मी लिहिलं, लोकांनी वाहवा करावी म्हणून. चेअरमननी ते इथंच वाचलं. तिनं एका कणसावरची धूळ पुसली. मग म्हणाली, खोटं तर न्हाई ना लिवलं तुमी. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

तिच्यासाठी मी रजिस्टरची नक्कल मागितली. मोठे साहेब नाही म्हणाले. सातबाऱ्याशिवाय नोंद घेतली कशी, म्हणून उलट मलाच नोटीस देणार. शिवाय बदलीची भाषा.

१८, मंगळ.

प्रदर्शन संपलं. कुआँच्या फळ्या ट्रकात. दरवर्षी उरलेली कणसं-ताटं फार्मावरच्या बैलांना जातात. गाडी आली तेव्हा तिची पाच मी बाजूला काढली. हमालानं विचारलं, ही राहिली का? म्हटलं, ही घरची आहेत.

गयाबाई गेटवर होती. ताटं, पंप, कार्ड दिलं. कार्डामागं नोंदीची नक्कल करून खाली सही केली. मोठ्या साहेबांना न विचारता. नोकरीच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा.

तिला वाचता येत नाही. सहीवर बोट ठेवून विचारलं, ह्ये तलाठी मानील का?

मानणार नाही, मी म्हणालो. खोटं कशाला सांगू. शिक्का नाही.

"मंग तुमी या. धसकटं हायेत अजून, हजार ठिकाणी. येऊन बघा आन् तलाठ्याम्होरं सांगा. चेअरमन परवा ट्रॅक्टर घालायलेत म्हणत्यात."

बघतो, म्हणालो. तिनं धरून ठेवलं नाही, ताटं खांद्यावर टाकून स्टँडकडे गेली.

सुमन म्हणते, तुम्ही एकटे जाऊन काय करणार, तिथं मारतील. मग म्हणाली, डबा किती वाजता लागेल?

सकाळी साडेसहाला गयाबाईच्या वाडीकडची जिंतूर गाडी. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. कारण लिहायचं राहिलंय.